मूठभर जुना भुसा

दीड महिना झाला, प्रयोगशाळेतल्या एकाही उंदराला झटका येत नव्हता आणि त्यापायी ताईचा जीव मेटाकुटीला आला होता. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बरंच आहे की! पण इथे सगळा खेळच झटक्यांवर होता.

हे उंदीर जन्मापासूनच अधू. पेशीत कॅल्शियम आत सोडणारं एक दार असतं. त्यांच्या जनुकातल्या एका चुकीमुळे ते दार नीट उघडत नाही. एरवी ठीक असतात, पण कोऱ्या पिंजऱ्यात टाकलं की घाबरतात आणि हमखास झटका येतो. मागचे पाय फाकतात, अंग पिळवटतं, अर्धा-पाऊण तास तोल म्हणून सापडत नाही. ताईच्या धाकट्या भावाला हेच होतं. त्याला नवी माणसं दिसली की. मग आई त्याचा हात धरून बसते आणि ही घड्याळ लावून वेळ मोजते. त्याच्यासाठीच तर ती या कामात पडली होती. बारा उंदीर, त्यातल्या सहांना रोज औषध, सहांना नुसतं पाणी. कुणाला काय, हे तिच्यापासूनही लपवलेलं. पाण्यावरचे पडायला हवेत, औषधावरचे उभे राहायला हवेत. इथे बाराच्या बारा मजेत! तिने जनुकं पुन्हा तपासली, औषध पुन्हा तपासलं, स्वतःच्या डोक्यावरही शंका घेऊन झाली.

सातव्या मंगळवारी आत राहिलेली वही घ्यायला ती ऐन पिंजरे बदलायच्या वेळी शिरली. एरवी सगळं उरकल्यावरच आत यायचं, उगाच माणसांची गर्दी नको, हा नियम तिचाच. उंदरांची देखभाल करणारे काका प्रत्येक नव्या पिंजऱ्यात जुन्यातला मूठभर भुसा टाकत होते.

"काका, हे काय?"

"आपलाच वास आला की बिचकत नाहीत, ताई. इथे आणलं त्याच दिवशी एकाला झटका आलेला बघितला. बघवेना हो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, झटका यावा म्हणूनच बदलतो ना पिंजरे!"

"ते कुठे लिहिलंय?"

ती तरातरा दारापाशी गेली. तिच्याच टपोऱ्या अक्षरातला कागद: 'दर मंगळवारी स्वच्छ पिंजरा द्यावा.' का द्यावा, त्याचा पत्ता नाही. भांडायलाही कुणी उरलं नाही. स्वतःवरच दातओठ खात ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेली. सर म्हणाले, "औषध आठवडाभराचंच उरलंय आणि आणखी मिळणार नाही. एक मंगळवार आहे तुझ्याकडे."

त्या मंगळवारी काकांनी हात वर केले. "माझ्याच्याने नाही व्हायचं. तुम्हीच टाका."

तिने टाकले. पहिला नऊ मिनिटांत पडला. मग दुसरा, तिसरा. ती वेळा टिपत गेली. सहावा पडला तेव्हा तिला हसू फुटायचंच बाकी होतं. सहा! पाण्यावरचे सहा झाले. आता थांबा रे बाबांनो, ती मनातल्या मनात विनवत होती. माझ्या भावासाठी थांबा.

सातव्याने मागचा पाय फाकवला.

"हाही पाण्यावरचाच असेल, ताई," काका हळूच म्हणाले.

"पाण्यावरचे सहाच आहेत, काका."

मग आठवा, नववा. बारावा पडला तेव्हा तिला रडूही येईना, नुसतं काहीतरी फोडावंसं वाटत होतं. दीड महिन्यात लागू पडला तो काकांचा भुसा, आणि तिला याचाच जास्त संताप येत होता.

काका जुन्या भुशाची बादली घेऊन सकाळपासून कोपऱ्यात उभे होते. "आता घालू?"

घड्याळ चालूच होतं. झटके किती वेळ टिकतात, तेही टिपायचं होतं. तिने घड्याळ खिशात टाकलं आणि ओंजळ पुढे केली.

"मलाही द्या थोडा."