रिकामं ठेवायचं पान

इमरान पाळण्यात निजला, तेव्हा मुहय्योनं श्वास रोखून मशीन सुरू केलं. आठ महिन्यांचं पोर, दुपारची झोप पाऊण तासाची. तेवढ्यात कापडाच्या पट्टीवरचं उरलेलं सगळं भरतकाम व्हायला हवं होतं.

मशीन तिनं स्वतः जमवलं होतं. सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन, त्याखाली टेबलाच्या खणांच्या लोखंडी पट्ट्यांवर सरकणारी चौकट, आणि कॉम्प्युटरच्या हुकमानं ती चौकट ओढणाऱ्या, भंगारातल्या प्रिंटरच्या दोन मोटारी. मोटार तापली की एखादं पाऊल चुकायची. मग पुढची सगळी फुलं तेवढीच सरकायची. अकरा जुने अभ्रे त्यात वाया गेले होते.

पण आज चौकटीत अभ्रा नव्हता. नणंदेच्या, नसिबाच्या, लग्नातल्या सुझनीची, म्हणजे भरतकामाच्या मोठ्या चादरीची, चौथी पट्टी होती. नुराता गावच्या रीतीनं ओयसरा ओयीनं, म्हणजे सासूबाईंनी, चारही पट्ट्या एकत्र टाचून त्यावर वेलबुट्टी काढली, मग टाके उसवून पट्ट्या वाटून दिल्या. एक मावशीला, एक शेजारणीला, एक खुद्द नसिबाला. त्या तिन्ही भरून आल्या. चौथी ओयीचीच होती, आणि ओयीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हातमागाचं तसलं कापड आता कुणी विणत नव्हतं. पट्टी फाटली, तर शेजारच्या पट्टीच्या कडेची अर्धी फुलं जन्मभर अर्धीच राहणार होती. लग्न शुक्रवारी होतं.

"गाढवावर भांडी लादल्यासारखं वाजतंय हे," ओयी दारातून म्हणाली.

"कापड नीट धरतंय पण, ओयी."

"धरू दे. ते कोपऱ्यातलं पान तेवढं रिकामं ठेव. सगळंच भरून टाकलंस, तर पोरीच्या संसाराला करायला काय उरेल?"

"ठाऊक आहे. कॉम्प्युटरवर त्या पानाची रेघ न जोडता उघडीच काढलीय मी, म्हणजे ते भरणार नाही."

ओयी तंदूरकडे गेली. मुहय्यो सुईवर डोळे लावून बसली. एक डाळिंब, दोन पानं. मोटारीला हात लावून बघितला; कोमट. पुन्हा लावला. दुसरं डाळिंब झालं. तिला वाटलं, आपण दोन वर्षं याच पाऊण तासासाठी जागलो.

पाळण्यातून रडू आलं. त्याला उचललं, दुपटं बदललं, खांद्यावर थोपटत परत आली. सुई कोपऱ्यातल्या पानात होती. ते अर्ध्याहून जास्त भरून झालं होतं. कॉम्प्युटरनं उघडी रेघ आपणहून जोडून टाकली होती. तिनं वायर उपटेपर्यंत पानाचा, आणि पट्टीचाही, शेवटचा टाका पडला.

उसवावं? दाट टाके, काढले तर जुन्या कापडाची चाळण होईल. ब्लेड हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. इमरान तिच्या वेणीला लोंबकळत होता.

"काय झालं? आवाज बंद का?" ओयी पिठाच्या हातांनीच आली.

"ओयी, पान भरलं. माझी चूक. मी मशीनला तिथं थांब म्हणून सांगितलंच नव्हतं, रेघेच्या भरवशावर राहिले."

ओयीनं हात पुसले. बोटांनी पट्टी चाचपली. डाळिंब, देठ, पान. पुन्हा पान.

"टाके घट्ट आहेत," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा घट्ट. ब्लेड ठेव बाजूला, पोर हात घालील. पेन दे."

"पण तुम्हाला दिसत..."

"देठ लागतोय ना बोटाला."

देठाच्या टोकापासून थरथरत एक रेघ निघाली, मोकळ्या जागेत गेली, वळली. पान वाकडं झालं, बाकीच्यांपेक्षा मोठं.

"हे नसिबा भरेल, तिला पोरगी झाल्यावर. तू नाही आणि तुझं गाढवही नाही. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

ओयी बोटांनी चाचपत पट्ट्या जोडायला बसली. मुहय्योनं सुयांत दोरा ओवून दिला. दोनच टाके पडले असतील, मुहय्यो उठली, मशीनची वायर भिंतीतल्या प्लगमधून निघालेली आहे ना ते बघून आली. मग थोड्या वेळानं पुन्हा.