शेवटच्या बाकावरून

अंतिम पाठ सुरू होऊन सात मिनिटं झाली होती आणि छात्राध्यापिकेनं विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं स्वतःच देऊन टाकली होती. मी शेवटच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून निरीक्षण वही भरत होते. पाठ चालू असताना निरीक्षकानं बोलायचं नसतं. चेहराही कोरा ठेवायचा.

वर्गमैत्रिणी तिला एक्सप्रेस म्हणतात, मधे कुठे थांबत नाही म्हणून. गेल्या वर्षी ती याच अंतिम पाठात नापास झाली होती. आज झाली तर अभ्यासक्रमातून बाहेर. वर्षभर तिचे पाठ माझी आई बघत होती; अध्यापक महाविद्यालयात आम्ही दोघी शिकवायचो. आई जाऊन एकवीस दिवस झाले. आईकडचे उरलेले पाठ प्राचार्यांनी माझ्याकडे दिले. "तूच बघ, तुला तिची पद्धत ठाऊक." मला ठाऊक नव्हती. घरात कामाचं बोलायचं नाही, असा आईचा दंडक होता.

मघाशी दाराशी एक्सप्रेसनं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही चष्मा लावत नाही?"

"नाही. का गं?"

"काही नाही, असंच." पण तिचा चेहरा पडला होता.

आता ती सारखी माझ्याकडे बघत होती. 'मुलांऐवजी निरीक्षकाकडे लक्ष,' मी लिहिलं. दोन गुण गेले. मग मागची पानं चाळली. आईचं तिरपं अक्षर. प्रत्येक पाठाच्या समासात बारीक नोंद: चष्मा ९. चष्मा ६. पुन्हा ६. शेवटी चष्मा २, आणि खाली, 'विचारून थांबायला शिकतेय.'

म्हणजे आई इथे बसून चष्मा काढून बाकावर ठेवायची, एका पाठात इतक्या वेळा. थांब, अशी खूण. परीक्षेत मला शेजारणीचं खोडरबरसुद्धा मागू न देणारी माझी आई.

तिचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता. एकवीस दिवस तिथेच होता.

एक्सप्रेसनं फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहिलं. "मोठं कोणतं?" वर्ग गप्प. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात पर्सच्या चेनवर गेला. नऊ, सहा, सहा, दोन. आईनं आज काय केलं असतं?

मी चेन सोडली आणि मान खाली घातली.

मनात मोजत राहिले. तीन. चार. आता बोलेल ही. पाच. सात.

"चारवालं," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. "नाही नाही, थांबा बाई. तिघांत वाटलं तर जास्त येतं ना? मग तीनवालं."

"पण चार मोठे असतात," शेजारीण म्हणाली.

"मग तू चौघांत वाट, आणि बस रडत."

वर्ग हसला. एक्सप्रेसनं खडू खाली ठेवला. "बाकीच्यांना काय वाटतं?" एवढंच विचारून ती थांबली. या वेळी तोंड मुलांकडे होतं.

घंटा झाल्यावर ती व्हरांड्यात माझ्यामागे आली. "तुमच्याकडे बघत होते त्याचे गुण कापले का?"

"दोन."

"मग... पास झाले का मी?"

"निकाल प्राचार्य लावतात." ती तशीच उभी राहिली. "नोकरी लागली की मला वर्गात बोलव," मी म्हटलं. "शेवटचा बाक मोठा असेल असं बघ."

ती हसत, डोळे पुसत जिना उतरली.

वही मिटण्याआधी मी समासात लिहिलं: चष्मा ०. अक्षर आईसारखं तिरपं काढून पाहिलं. ते सरळच आलं.