द्वारपालाला वाक्य नाही

"राज्ये तलवारीने बुडत नाहीत! ती बुडतात आपल्याच माणसाच्या हाताने!"

राजा गरजला, आणि गरजता गरजता त्याची वरची कवळी सुटून सिंहासनाखाली गेली.

द्वारपाल अमृतने बांबूचा भाला भिंतीला टेकवला, ओणवं होऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली हात घातला आणि कवळी सदऱ्याला पुसून राजाला दिली.

"जपून रं. नवी हाय," नथूभाऊ म्हणाले.

वडिवळ्याच्या शाळेत उत्सवातल्या नाटकाची तालीम चालली होती. राजा झालेले नथूभाऊ विकास सोसायटीचे चेअरमन. त्यांचा खून करणारा सेनापती विठ्ठल, व्हाइस चेअरमन. पात्रं वाटली तेव्हा कुणाच्याच मनात काही नव्हतं. पण उद्या नथूभाऊंवर अविश्वासाचा ठराव होता आणि विठ्ठलला एक मत कमी पडत होतं. ते अमृतचं. तालीम संपली की विठ्ठलची जीप आपल्या बाजूच्या संचालकांना लोणावळ्याच्या एका बंगल्यावर नेणार होती. मतदानापर्यंत तिथंच मुक्काम, सगळ्यांचे फोन विठ्ठलच्या खिशात. याला सहल म्हणतात.

अमृतची कपड्यांची पिशवी सकाळपासून पडद्यामागे होती. त्याच्या लेकीला, कोमलला, सोसायटीत क्लार्क म्हणून चिकटवायचा शब्द विठ्ठलने दिला होता. उर्से गावच्या कंपनीतली नोकरी सुटून अमृत घरी बसला, तेव्हा त्याला संचालक करून घेतलं होतं मात्र नथूभाऊंनी.

तिसरा अंक आला. राजा झोपतो, द्वारपाल आतून कडी काढतो, मारेकरी शिरतात. दार म्हणजे वर्गाचंच दार.

अमृतचा हात कडीवर थांबला.

"काढा कडी," नाटक बसवणाऱ्या शालनबाई म्हणाल्या.

"उघड की लेका!" बाहेरून विठ्ठल ओरडला. "हितं डास फोडत्यात!"

"बाई, राजाला एकदा जागं करून इचारलं तर?"

सगळे हसले. शालनबाईंनी वहीत पाहिलं.

"द्वारपालाला वाक्य नाही, अमृतराव."

अमृतने कडी काढली. विठ्ठल आत आला आणि त्याने लाकडी कट्यार इतकी मनापासून चालवली, की बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आता प्रेतावर शाल घालायची. अमृत वाकला. नथूभाऊंचे डोळे मिटलेले होते.

"पिशवी लय फुगलीया रं तुजी," प्रेत पुटपुटलं.

शाल अमृतच्या हातात तशीच राहिली.

"भाऊ, कोमलचं जरा…"

"ठावं हाय. तू कंपनीत व्हतास तवा मी बी त्याच बंगल्यातनं चेअरमन होऊन आलतो."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अमृतने शाल छातीपर्यंत ओढली. तोंडावर घ्यायला त्याचा हात धजेना.

"अमृत."

"जी भाऊ."

"येताना सगळे चिक्की आणत्यात. मला मऊ फज आण. ह्या कवळीला चिक्की झेपत न्हाई."