भिंतीवरची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पण तसं म्हणायची आता सोय उरलेली नाही. लंडनच्या या संग्रहालयात मला कलाकृती म्हणतात. मी काचेआड टांगलेली असते आणि माझ्यापुढे आलं की लोक आवाज खाली आणतात. एवढ्या मानानं कुणी सुखी होत असेल तर होवो बापडं.

माझा जन्म लंडनच्याच क्रॉयडन भागातला. तिथल्या एका फ्लॅटमध्ये मर्ल आणि डोरीन राहायच्या. मर्ल कृष्णवर्णीय कवयित्री. बाईवर प्रेम करणारी बाई होती आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. तिच्या कविता छापायला कुणी धजत नसे, म्हणून ती त्या मोर्च्यांत म्हणायची. भर थंडीत डोरीन तिच्या शेजारी उभी राहायची आणि घरी येऊन खोकत बसायची. शेजारच्या मधुमतीला ते बघवेना. गोधडीला नवं कापड चालत नाही, माणसानं वापरलेलं लागतं, असं सांगून तिनं मर्लचे शर्ट आणि डोरीनचे गाऊन मागून नेले, त्यांत आपली एक मऊ झालेली साडी घातली. मधोमध एक शर्ट आणि एक गाऊन शेजारीशेजारी लावून तिनं तिथं दुहेरी टाके घातले. हे दोन तुकडे आता सुटायचे नाहीत, असंही हसून म्हणाली. तेव्हा तिला सगळं कळत होतं.

मग मर्लच्या ओळी माझ्यावर शिवल्या गेल्या. दिवसा मी मोर्च्यात फडकायची आणि रात्री दोघींच्या अंगावर असायची. लोकांनी फेकलेली अंडी मी खाल्ली, थुंकी झेलली. मर्ल गेली तेव्हा डोरीन मला एकटीच पांघरू लागली.

मेल्यावर मर्ल सगळ्यांना आवडू लागली. ज्या सभागृहानं तिला कधी दार उघडलं नव्हतं, त्याच्याच भिंतीवर तिचा चेहरा रंगवला गेला. शाळेतली मुलं तिच्या कविता पाठ करू लागली. मधुमतीची नात उर्वी या संग्रहालयात कामाला आहे. तिनं मला प्रदर्शनासाठी मागितलं. डोरीनला थंडी सोसत नव्हती, तरी तिनं मला दिलं. तिची अट एकच होती. पाटीवर मर्लच्या नावाशेजारी 'तिची जोडीदार डोरीन' असं लिहायचं. जन्मभर ते कुणी लिहिलं नव्हतं.

उर्वीनं तसंच लिहिलं. उद्घाटनाच्या सकाळी मधुमती आली. हॅरोहून तिच्या मराठी मंडळाची माणसं गोधडी शिवणाऱ्या आजीबाईंचं कौतुक करायला येणार होती. तिनं पाटी वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"उर्वी, नुसतं मैत्रीण लिही ना गं. मंडळातले सगळे येतायत. उगाच चर्चा कशाला?"

"पण आजी, मी डोरीनला प्रॉमिस केलं होतं. शी वॉज हर पार्टनर."

"डोरीन आपलीच आहे. तिला मी सांगते समजावून."

उर्वीनं पाटी बदलली. मधुमतीनं काही समजावलं नाही.

संध्याकाळी डोरीन काठी टेकत आली. चष्मा लावून तिनं पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग मधुमतीकडे वळून शांतपणे म्हणाली, "मधू, टाके तर तूच घातले होतेस."

मधुमतीनं तिच्यापुढे बटाटेवड्यांची बशी धरली. डोरीननं बशी घेतली नाही. तिनं माझ्याकडे हात नेला, तो काचेला लागला आणि धोक्याची घंटा वाजू लागली. पहारेकऱ्यानं तिला अगदी अदबीनं मागं सरायला सांगितलं.

यंदाच्या थंडीत डोरीन हॉस्पिटलमध्ये वारली. अंगावर तिथलीच पातळ चादर होती. पाटी अजून तीच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझी काळजी भरपूर घेतली जाते. उजेड मंद, हवा कोरडी, धुळीचा कण नाही. तुमच्या शेजारी एखादी डोरीन असेल, तर ती कुणाची कोण हे तिलाच विचारा आणि ती जिवंत आहे तोवर चारचौघांत तसंच म्हणा. मला इथं कसर लागणार नाही. मी फार वर्षं टिकणार आहे, आणि मला राग आहे तो त्याचाच.