निनावी कागदावरचं निदान

विद्यापीठाचं परिपत्रक टेबलावर पडलं आणि थोरल्या डॉक्टरांचा चहा कडू झाला. 'सर्व विभागप्रमुखांनी बाह्यरुग्ण विभागात नऊ वाजता स्वतः हजर राहावे.' मजकुरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जळफळाट झाला तो खालच्या सहीनं.

सही धाकटीची होती.

थोरले म्हणजे विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या मेडिसिन विभागाचे गेली एकवीस वर्षं प्रमुख. धाकटी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. छातीवर बोटं ठोकून आतलं पाणी कसं ओळखायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तुकडीत सगळ्यांत लहान, म्हणून नाव पडलं धाकटी. आणि नऊ महिन्यांपूर्वी तीच अख्ख्या विद्यापीठाची कुलगुरू झाली! तेव्हापासून थोरल्यांच्या घशाखाली घास सरळ उतरत नव्हता.

घरीसुद्धा तेच. बायको सहज म्हणाली, "अहो, ती सकाळी सातलाच ऑफिसात येऊन बसते म्हणे."

"दूधवाला पाचला उठतो! त्याला करा कुलगुरू!"

"मी नुसतं सांगितलं हो."

"मग नुसतं नका सांगू."

मंडळी, मत्सर आपलं खरं नाव कधी सांगत नाही. तो नियमाचा, न्यायाचा, संस्थेच्या हिताचा डगला घालून येतो. थोरल्यांनाही वाटलं, आपण विद्यापीठ वाचवतोय. शुक्रवारी कार्यकारिणीची बैठक होती. धाकटीच्या कडक कारभारानं ज्यांची झोप उडाली होती, ते चारपाच सदस्य एखाद्या कागदासाठी टपूनच बसले होते. एक निनावी तक्रार आली, की चौकशी लागणार आणि चौकशी लागली, की धाकटी सक्तीच्या रजेवर जाणार. पुढे निर्दोष सुटली तरी डाग कोण धुणार? आपल्या देशात, आपल्या गल्लीत, आपल्या कचेरीत अशीच चांगली माणसं खाली ओढली जातात, एका कागदानं. आणि तो कागद लिहिणारा पुन्हा सत्काराला पहिल्या रांगेत बसतो!

बुधवारी दुपारी थोरल्यांनी खोलीचं दार लावून तक्रार टाइप केली. नाव नाही, गाव नाही. छापायचं बटण दाबलं. रागाच्या भरात एवढंच विसरले, की त्यांच्या खोलीतलं छपाई यंत्र महिन्यापूर्वीच मोडीत गेलं होतं. आता सगळे कागद बाहेर वॉर्डात, मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर निघत.

पाच मिनिटांनी सिस्टर आत आल्या. निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या, कुणाच्या बापाला न घाबरणाऱ्या. हातात कागद.

"सर, हा पेशंट कुठल्या खाटेवरचा?"

थोरल्यांचा चेहरा उतरला. "तो... तो माझा खासगी कागद आहे. द्या इकडे."

"डिस्चार्ज कार्डाच्या गठ्ठ्यात आला. मला वाटलं कार्डच आहे. लिहिलंयही तसंच! मुख्य तक्रार, कालावधी नऊ महिने, पूर्वेतिहास. वाचू?"

"सिस्टर!"

"दार लावलंय मी, ओरडू नका. ऐका. 'सत्तेचा गर्व आढळतो.' बरं. 'ज्येष्ठांचा मान ठेवत नाही.' बरं. आणि आता हे ऐका. 'पैसे खाल्ल्याचे आढळत नाही. नातेवाईक चिकटवल्याचे आढळत नाही. गैरहजेरी आढळत नाही. गुणपत्रिकांत फेरफार आढळत नाही.'" सिस्टरांना हसू आवरेना. "अहो सर, तक्रार लिहायला बसलात आणि प्रमाणपत्र लिहून दिलंत की हो!"

थोरले बघतच राहिले. हयातभर त्यांनी पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती: रोग्यात जे सापडलं तेवढंच लिहू नका, जे शोधून सापडलं नाही तेही लिहा. तीस वर्षांची सवय! मन खोटं बोलायला बसलं होतं, पण हात खरं लिहून गेला होता.

"तुम्हाला नाही कळायचं," ते पुटपुटले. "तिला मी घडवली. त्या खुर्चीवर हक्क माझा होता."

"होता ना. मग अर्ज का नाही भरलात?"

"मी अर्ज भरायचा? माझी योग्यता जगाला माहीत आहे. त्यांनी मला बोलवायला हवं होतं."

"म्हणजे नवरदेव रुसून घरातच बसला आणि लग्न दुसऱ्याचं झालं म्हणून मांडवावर दगड मारायला निघाला!" सिस्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "मी डॉक्टर नाही सर, पण दुखणं ओळखते. हा केसपेपर तिचा नाही, तुमचा आहे. यात एकच तक्रार खरी आहे, शेवटची. आपल्या वॉर्डात पाच निवासी डॉक्टर हवेत, दोघांवर चाललंय आणि नेमणुकीची फाइल तीन आठवडे तिच्या टेबलावर पडून आहे. ती दोन पोरं उभ्याउभ्या पेंगतात. ही तक्रार करा! पण खाली नाव घालून."

थोरले संगणकाकडे वळले. सगळा मजकूर खोडला, एकच परिच्छेद ठेवला, कागद पुन्हा छापला, खाली ठळक सही केली आणि कागद घेऊन तडक कुलगुरूंच्या दालनात गेले.

धाकटी उठून उभी राहिली. "सर, तुम्ही? बसा ना."

"बसायला नाही आलो. हे वाच."

तिनं वाचलं. शेजारच्या ढिगातून फाइल उपसली आणि तिथल्या तिथे सही केली. "चुकलं माझं. नऊ महिन्यांत तोंडावर चूक सांगणारे तुम्ही पहिले. बाकीचे एकतर पुष्पगुच्छ आणतात, नाहीतर निनावी पत्रं पाठवतात."

थोरल्यांच्या कानशिलांत रक्त चढलं. गप्प बसून सुटता आलं असतं. पण ते म्हणाले, "तसलं एक मीही आज लिहिलं होतं. सिस्टरांनी पकडलं."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. ती हळूच म्हणाली, "सर, अर्जाची शेवटची तारीख होती ना, त्या दिवशी दुपारी चारपर्यंत मी चौकशी करत होते, तुमचा अर्ज आलाय का म्हणून. आला असता, तर मी माझा भरलाच नसता."

अरेरे! नऊ महिने ज्या माणसाला शत्रू मानलं, ते माणूस त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवून दारात उभं होतं! थोरले बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "शुक्रवारच्या बैठकीला मी येतो. तुझ्या बाजूनं बोलायचं ते उघड बोलेन. आणि चुकलीस तर तेही उघडच बोलेन."

"तेच हवंय, सर."

मंडळी, दुसऱ्याच्या चुका दाखवू नका असं कुणी म्हणत नाही. जरूर दाखवा, खणखणीत दाखवा! पण ज्या तक्रारीखाली स्वतःचं नाव लिहायला हात कचरतो, ती पाठवण्याआधी छातीवर हात ठेवून विचारा, दुखतंय ते नेमकं कुणाचं?