मागचं प्रकरण

"मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे..." या शब्दांपाशी बाई थांबल्या. तीन पानांच्या निबंधाला मागचं प्रकरण कुठून आलं? त्यांनी कपाळाला हात लावला. विषय होता 'आवाजाचा त्रास', आणि निबंध होता भिंतीकडेच्या बाकावरच्या त्या मुलीचा, जिचा स्वतःचा आवाज वर्गात कधी निघत नसे.

कॉलेजचा नियम कडक होता. उतारा चोरलेला आढळला की समिती, आणि समितीकडे गेलं की वर्ष वाया. पहिलीच वेळ असेल तर बाईंनी वाटल्यास पुन्हा लिहून घ्यावं, एवढी पळवाट होती. पण बाई तापट, आणि त्यांना ते कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी मुलीला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"मागचं प्रकरण कुठंय?"

मुलीने पिशवी चाचपली. "घरी राहिलं, मॅडम."

शेजारच्या टेबलावर इतिहासाच्या सरांना चहाचा ठसका लागला. बाईंनी आपलं हसू गिळलं.

"कुठून उतरवलंस हे?"

"लायब्ररीतल्या पुस्तकातून." मुलगी रडवेली झाली. "पण तुम्ही म्हणाला होतात, निबंध स्वतःचा पाहिजे. म्हणून मी झेरॉक्स नाही लावली. सगळं माझ्या हातानं लिहिलं."

बाई ओरडायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की पोरगी लबाडी करत नाहीये. 'स्वतःचा हवा' असं आपण दरवर्षी दरडावतो, पण स्वतःचा म्हणजे काय, हे कधी सांगितलंय? मग त्यांना स्वतःचाच राग आला.

"तुमच्या घरी आवाज असतो का गं?"

"टीव्हीचा. बाबा पत्र्याच्या कारखान्यात आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. आई तर त्यांच्याशी भांडतेसुद्धा खुणांनी."

"मग हे का नाही लिहिलंस?"

मुलगी बघतच राहिली. "हे चालतं निबंधात?"

"हेच चालतं. आणि दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं असेल तर खुशाल घे. त्याला अवतरणचिन्हं दे आणि कोणाचं ते खाली लिही. सोमवारी आण. पुन्हा उतरवलंस तर मात्र समिती, मग मी मध्ये पडणार नाही."

सोमवारी निबंध आला. ऱ्हस्वदीर्घाचा पार बोजवारा उडालेला होता. बाईंचं लाल पेन भराभर चालत होतं, ते शेवटच्या पानावर अडलं. तिथे अवतरणचिन्हांत एकच वाक्य होतं: 'मशीन बंद झालं तरी माझ्या कानात ते चालूच असतं.'

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. त्यांना असं काही होतं, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला आणि सांगितलं.'

बाईंना भरून आलं. चष्मा पुसून त्यांनी निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी पेन खाली ठेवून. मग मार्क दिले आणि तळाशी लिहिलं, 'मागचं प्रकरण मिटलं. पुढचं लिही.'