खारीच्या बांधातली उघाडी

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला मी उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते. भरती आली की समुद्रच मला ढकलून बंद करतो. एवढंच माझं काम. पण त्याच्यावर म्हसळ्याकडच्या चार वाड्यांचा भात खारीत, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीत, पिकायचा.

माझी चौकट कुणबीवाडीच्या ऐनाच्या लाकडाची, फळ्या बौद्धवाडीतल्या जांभळाच्या, बिजागऱ्या मोहल्ल्यातल्या हसनमियाँनी ठोकलेल्या आणि दोर कोळीवाड्याचा. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की घरटी एक माणूस धावत यायचा. चिखलाची ढेकळं हातोहात द्यायला ओळ लागायची. तिचा नियम एकच: एका वाडीची दोन माणसं शेजारी उभी राहायची नाहीत. ओळीत सगळ्यांना पाण्याचा एकच माठ; ओळ मोडली की माठ पुन्हा वेगळे व्हायचे, खोटं कशाला सांगू? पण बाजारात कुणी विचारलं, "कुठली रं तुम्ही?" की चारही वाड्यांचं उत्तर एकच असायचं, "आमी खारीतली."

पुढे माणसं मुंबईला कामाला गेली. बांधावर कोण आलं, कोण नाही, यावरून भांडणं लागली. शेवटी कुणबीवाडीचे बाबाजी आणि बौद्धवाडीचा धम्मदीप यांनी पुढाकार घेऊन टेपने बांधाचे चार तुकडे केले. आपला तुकडा आपण सांभाळायचा. हद्दीला दगड रोवले. त्यांच्या दोघांच्या हद्दीचा दगड माझ्या शेजारीच होता.

यंदा नारळी पौर्णिमेच्या उधाणात नेमकी त्या दगडाखाली खांड पडली. दगडही वाहून गेला.

"खांड तुमच्या हद्दीत हाय," बाबाजी म्हणाले.

"न्हाय काका, दगड अलीकडं व्हता," धम्मदीप म्हणाला.

भर दुपारी पुन्हा टेप लागला. टेपला काय, समुद्र मोजायला सांगितला असता तरी त्याने मोजला असता! दहा टोपल्या चिखलाने बुजली असती ती खांड. बघ्यांतून म्हातारी तुळसाबाई पुढे आली. नवी नवरी असल्यापासून ती ओळीत उभी राहिलेली. तिने एक ढेकूळ उचललं आणि सवयीने शेजारी हात लांबवला. "धरा की कुणीतरी!" ती ओरडली. कुणी धरलं नाही. ढेकूळ तिच्या हातातूनच ओघळून गेलं. मी ते पाहिलं आणि मला रडू आलं.

संध्याकाळपर्यंत चारही वाड्यांच्या शेतांत खारं पाणी होतं. त्याने कुणाची हद्द विचारली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात अशी ओळ उरली असेल, तर जाऊन तिच्यात उभे राहा. ती खांड कुणी बुजवलीच नाही. माझ्याकडे आता कुणी येत नाही. भरती आली की मी अजूनही बंद होते. सवयच ती. पण आता माझ्या दोन्ही बाजूंना समुद्रच असतो.